शाळेतील उपस्थाता : परिचारिका, शिक्षक आणि वैद्य यांच्या सहकार्याविषयी

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेले असतात. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात या प्रत्येक पादाचे चार-चार गुण सांगितले आहेत. त्यांपैकी भिषक् आणि द्रव्य यांच्या गुणांवर आपल्या चर्चासत्रांतून विपुल बोलले जाते. उपस्थात्याविषयी मात्र क्वचितच काही ऐकू येते. उपचारज्ञता, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण होत. रुग्णालयात ही भूमिका परिचारिका बजावते, घरी आई किंवा आजी. परंतु सहा ते सोळा वर्षांचे मूल जागेपणीचा मोठा काळ शाळेत घालवते, तेथे त्याचा उपस्थाता कोण, हा प्रश्न आपण आपल्याला फारसा विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात तोच विचार करावयाचा आहे.

त्याच अध्यायात रोग्याचे जे चार गुण सांगितले आहेत त्यांत ज्ञापकत्व हा एक आहे. आपल्याला काय होते आहे ते वैद्यास नीट सांगता येणे, असा त्याचा अर्थ. बालरुग्णात नेमका हाच गुण उणा असतो. काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात स्वतंत्र वेदनाध्याय आहे तो याच कारणाने. कान दुखत असता मूल हात कानाकडे नेते, डोके हलवते. डोके दुखत असता डोळे मिटून घेते, रात्री रडते, अशा लक्षणांवरून न बोलणाऱ्या बालकाची वेदना ओळखावी, असे तेथे वर्णन आहे. शाळेत जाणारे मूल बोलू शकते हे खरे, पण ते सांगतेच असे नाही. फळ्यावरचे दिसत नाही हे त्याला कळत नाही, कारण सर्वांनाच तसे दिसते असा त्याचा समज असतो. पाटीवरची पेन्सिल खाल्ली हे ते घरी सांगत नाही, कारण मार बसेल. लघवीला वारंवार जावे लागते हे सांगायची लाज वाटते. ही सारी लक्षणे पाहणारा एक माणूस असतो, आणि तो म्हणजे वर्गशिक्षक. मृद्भक्षणजन्य पांडूचा हेतू आपण ग्रंथात वाचतो. तो प्रत्यक्ष घडताना गुरुजी वा बाई रोज पाहतात. बालकाचे उणे पडलेले ज्ञापकत्व भरून काढणारा तो माणूस आपल्या प्रश्नपरीक्षेत मात्र कोठेही नसतो.

थोडा पूर्वेतिहास

शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्या देशात प्रथम १९०९ साली बडोदा शहरात झाली. त्या वेळी बडोद्याच्या गादीवर असलेले महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे मालेगावजवळील कवळाणे गावचे, म्हणजे आपल्या खानदेशच्या शेजारचेच. स्वातंत्र्यानंतर १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली व १९६१ साली तिचा अहवाल आला. योजना पुष्कळ झाल्या. तपासणी होत राहिली. तपासणीनंतर काय, हा दुवा मात्र दीर्घकाळ कच्चाच राहिला.

या संदर्भात न्यूयॉर्क शहरातील एक घटना बोधप्रद आहे. तेथे १८९७ पासून डॉक्टर शाळाशाळांतून जाऊन मुले तपासत आणि खरूज, नायटा, उवा, डोळ्यांतील खुपऱ्या असे काही आढळले की मुलास घरी पाठवीत. घरी गेलेल्या मुलावर बहुधा कोणी उपचार करीत नसे. ते रस्त्यावर हिंडे, आणि संध्याकाळी वर्गमित्रांबरोबरच खेळे. तपासणी बिनचूक आणि उपयोग शून्य, अशी ही अवस्था होती. १ ऑक्टोबर १९०२ रोजी लिना रॉजर्स या परिचारिकेस चार शाळांत एका महिन्याच्या प्रयोगासाठी नेमण्यात आले. तिने किरकोळ विकारांवर शाळेतच उपचार केले, शिक्षकांशी बोलून मुलांस वर्गात ठेवले, आणि उरलेल्यांच्या घरी जाऊन आयांना मलम कसे लावावे ते हाताने दाखविले. सप्टेंबर १९०२ मध्ये शाळेतून घरी पाठविलेल्या मुलांची संख्या साडेदहा हजारांच्या वर होती, ती पुढच्या सप्टेंबरात सुमारे अकराशेवर आली. डॉक्टर तेच, औषधेही तीच. मध्ये उपस्थाता आला एवढाच फरक.

आपल्याकडील रचना

आपल्याकडे प्रत्येक शाळेस परिचारिका नाही, हे वाचकांस सांगावयास नको. नवोदय विद्यालयासारख्या निवासी शाळांत स्टाफ नर्सचे पद असते. केंद्रीय विद्यालयांत कंत्राटी पद्धतीने परिचारिका नेमली जाते. वरणगावपुरते पाहावयाचे तर १९६४ साली सुरू झालेल्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत केंद्रीय विद्यालय आहे. जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतील मुलांची गाठ ज्या परिचारिकेशी पडते ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकातील असते. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. पथकाची रचना आपल्या वर्गाने आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. त्यात आयुष पदवीधर दोन वैद्यकीय अधिकारी, एक पुरुष व एक स्त्री; एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. म्हणजे भिषक्, द्रव्य आणि उपस्थाता हे तीन पाद गाडीतून शाळेच्या दारात येतात आणि चौथा पाद वर्गात बसलेला असतो. अठरा वर्षांपर्यंतच्या बालकांत जन्मजात व्यंग, पोषणातील न्यूनता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार गटांतील दोषांची चाचपणी करावयाची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा, आणि गरज असेल त्या मुलास संदर्भसेवेसाठी पुढे पाठवावयाचे, अशी योजना आहे.

आपले कितीतरी तरुण पदवीधर या पथकांत काम करीत आहेत. त्यांच्याशी बोलताना एक तक्रार नेहमी ऐकू येते. संदर्भचिठ्ठी दिली जाते आणि ती दप्तरात राहते. वर्षाने पथक पुन्हा येते, तोच मुलगा, तोच कान वाहतो आहे, आणि गणिताच्या वहीत गेल्या वर्षीची घडी घातलेली चिठ्ठी. वर्षातून एक दिवस येणारी परिचारिका ती चिठ्ठी मार्गी लावू शकत नाही. तो दुवा शाळेत रोज असणाऱ्या माणसाकडे द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक, एक पुरुष व एक स्त्री, यांस आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करण्याची तरतूद झाली ती त्यामुळे स्वागतार्ह वाटते. गुरुजींच्या माथी जनगणना, निवडणूक, खिचडीचा हिशेब एवढे सारे असताना त्यांत ही भर, असे म्हणणारे शिक्षक आम्हांस भेटतात, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. म्हणूनच त्यांच्याकडून नेमके आणि थोडेच मागावे.

एक रुग्ण

आमच्या व्यवसायातील एक रुग्णवृत्त येथे देतो. त्यात चूक आमची आहे.

मूल नऊ वर्षांचे, इयत्ता चौथीतील. आईवडील सातपुड्याच्या पायथ्याकडील, मजुरीसाठी तापीकाठी वीटभट्टीवर आलेले. मुलाचे हातपाय दुखतात, कधी बोटे सुजतात, अधूनमधून ताप, भूक नाही, चेहरा पांढुरका, अशी तक्रार होती. संधिशूल, शोथ, ज्वर, अरुची ही लक्षणे पाहून आम्ही आमवात असे निदान केले. सिंहनाद गुग्गुळ, महारास्नादि काढा आणि पांडुता पाहून नवायस लोह दिले. आठवडाभरात बरे वाटले. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा तीच औषधे, पुन्हा उपशय. तिसऱ्या वेळी डोळ्यांत किंचित पिवळेपणा होता, म्हणून आरोग्यवर्धिनी जोडली. उपशय मिळतो आहे म्हणजे निदान बरोबर आहे, असे आम्ही धरून चाललो. वेदना आपोआप ओसरण्याचा त्या व्याधीचा स्वभावच आहे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

त्या वर्षी पथक शाळेत आले. वजन-उंची घेताना परिचारिकेने वर्गशिक्षिकेस एकच प्रश्न विचारला, की हा मुलगा शाळेत नियमित येतो का. बाईंनी हजेरीपत्रक उघडले. गैरहजेरी विखुरलेली नव्हती. तीन-तीन, पाच-पाच दिवसांचे चार झुबके होते. एक क्रीडास्पर्धेच्या सरावानंतरचा, दोन कडाक्याच्या थंडीतले आणि एक मार्चमधला, उन्हाने शाळा सकाळची होण्याच्या आधीच्या आठवड्यातला. बाईंना मुलगा आळशी वाटत असे. मैदानावर दोन फेऱ्या मारून बसून घेतो म्हणून त्या त्याला रागावतही. परिचारिकेने मूळ गाव विचारले, भावंडांविषयी विचारले आणि ग्रामीण रुग्णालयात सोल्युबिलिटी चाचणीसाठी पाठविले. ती होकारार्थी आली. पुढे एच.पी.एल.सी. तपासणीत सिकलसेल आजार निश्चित झाला. आईवडील दोघेही वाहक निघाले. दोघेही वाहक असता प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून धाकट्या बहिणीचीही तपासणी झाली. ती वाहक आहे, रुग्ण नाही.

त्यानंतर ती परिचारिका आमच्या चिकित्सालयात आली. तिच्या हातात आमच्याच तीन पुड्या होत्या. यांत काय आहे, एवढेच तिने विचारले. पुड्यांवर काही लिहिलेले नव्हते. आम्हांस नोंदवही काढून तारीख शोधावी लागली.

या व्याधीत थंडी, अतिश्रम, ज्वर आणि शरीरातील जलांश कमी होणे या गोष्टी वेदनेचा वेग आणतात. सिंहनाद गुग्गुळात एरंडतैल असते. ज्या मुलास भरपूर पाणी पाजावयास हवे होते त्यास आम्ही सारक कल्प देत होतो. लोहाचे म्हणाल तर, सिकलसेलमधील पांडुता रक्तकण अकाली फुटण्यामुळे येते, लोहाच्या न्यूनतेमुळे नव्हे. न्यूनता तपासणीने सिद्ध झाल्याशिवाय लोहकल्प देण्याचे कारण नसते आणि वारंवार रक्त द्यावे लागलेल्या मुलात तर ते अहितकर ठरते. प्रत्येक पांडू लोहाने बरा होत नाही, हे संप्राप्तीचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी विसरावे, याचे आम्हांस आजही वाईट वाटते.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत सातपुड्याच्या बाजूने आलेली भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबे आपल्या प्रत्येकाच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. देशपातळीवर १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून शून्य ते चाळीस वयोगटाची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. बालकात वारंवार अंगदुखी, पांडुता आणि डोळ्यांत पिवळेपणा असे त्रिकूट दिसल्यास आमवात, संधिगतवात वा कामला असे लिहिण्यापूर्वी ही चाचणी करून घ्यावी. निदान झालेल्या मुलास ताप चढला, छातीत दुखू लागले, धाप लागली, पोट अचानक फुगून मूल पांढरे पडले किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर एक मात्राही न देता रुग्णालयात पाठवावे.

या मुलासाठी शाळेत पुढे जे झाले ते साधे आहे. बाईंनी त्यास पाण्याची बाटली बाकावर ठेवण्याची आणि न विचारता लघवीस जाण्याची मुभा दिली. प्रार्थनेच्या वेळी तो सावलीत उभा राहतो. हिवाळ्यात स्वेटर काढावयास कोणी सांगत नाही. कवायतीऐवजी गुण मोजण्याचे काम त्याच्याकडे आहे. वर्गात कारण सांगितलेले नाही. परिचारिकेने हे चार मुद्दे एका कागदावर लिहून दिले, मुख्याध्यापकांनी त्यावर सही केली आणि बदली होऊन नवे शिक्षक आले तेव्हा तो कागद हजेरीपत्रकास टाचलेला होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे, हेही तिनेच पालकांस सांगितले. आमच्या औषधांपेक्षा या कागदाने गैरहजेरी अधिक घटली, असे बाई म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असावे, मात्र आता रुग्णालयाची औषधेही नियमित चालू आहेत हे लक्षात घ्यावे लागेल.

सोमवारची गोळी आणि आपला लोहकल्प

सिकलसेल तुलनेने थोड्यांस असतो. पांडू सर्वत्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुली पंडुरोगी आढळल्या. यासाठी शाळेत आठवड्यातून एकदा, बहुधा सोमवारी, लोह व फॉलिक अॅसिडची गोळी देतात. २०१८ च्या अॅनिमियामुक्त भारत मार्गदर्शिकेनुसार पाच ते नऊ वयाच्या मुलांस गुलाबी गोळी, तीत ४५ मिलिग्रॅम लोह. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींस निळी गोळी, तीत ६० मिलिग्रॅम लोह असते. गोळी जेवणानंतर द्यावयाची असते. मूल तापाने वा अतिसाराने आजारी असेल तर ती त्या दिवशी देत नाहीत, आणि थॅलेसेमिया मेजर किंवा वारंवार रक्त दिल्याचा इतिहास असल्यास मुळीच देत नाहीत.

आता हीच मुलगी आपल्याकडे येते. आपण धात्री लोह, मंडूर वटक वा नवायस देतो. सोमवारी तिच्या पोटात दोन्हीकडचे लोह जाते. मळमळ होते, मल काळा होतो, आई घाबरते आणि दोन्ही बंद करते. शिक्षक म्हणतात, वैद्यांच्या औषधाने झाले. आपण म्हणतो, सरकारी गोळीने झाले. मुलगी पांढुरकीच राहते. या ठिकाणी दोन प्रश्न पुरेसे आहेत. शाळेत गोळी घेतेस का, आणि कोणत्या वारी? लोहकल्प देणे आवश्यक वाटल्यास ते शिक्षकांस कळवावे आणि त्या काळापुरते कोणते एक चालू ठेवायचे ते परिचारिकेशी बोलून ठरवावे. शाळेतील गोळी घेऊ नकोस, असे मुलीस परस्पर सांगणे आम्ही अयोग्य मानतो. ती गोळी वर्गातील चाळीस मुलींच्या देखत घेतली जाते. एकीने वैद्यांचे नाव सांगून नाकारली की पुढच्या सोमवारी दहा जणी नाकारतात.

जंतनाशक दिनाचेही तेच. २०१५ पासून हा उपक्रम चालतो, सर्वसाधारणपणे १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या दिवशी. दोन वर्षांवरील मुलास अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी शिक्षकांसमोर चावून खावयास देतात, आणि गैरहजर वा आजारी मुलांस नंतरच्या ठरलेल्या दिवशी. त्या आठवड्यात विडंगाचा कल्प सुरू करण्याची घाई नसते. अपकर्षण तेथे झालेले असते. प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन हे दोन भाग उरतात, आणि ते खरोखर आपले आहेत. नखे, चपला, हात धुणे यांवर शिक्षक बोलतातच. अग्नी, गूळ-मिठाईचा अतिरेक, शिळे अन्न यांवर बोलावयास वैद्य गेला तर मुले ऐकतात, असा आमचा अनुभव आहे. फक्त भाषण वीस मिनिटांच्या वर नसावे.

पुडी

पुडीचा विषय स्वतंत्रपणे मांडणे भाग आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण अजूनही नाव न लिहिलेल्या पुड्या देतात. सवय म्हणा, परंपरा म्हणा, किंवा योग दुसऱ्यास कळू नये ही इच्छा म्हणा. मोठा माणूस निदान वैद्यांचे नाव सांगतो. शाळेत मूल चक्कर येऊन पडले आणि दप्तरात कोरी पुडी सापडली तर परिचारिकेने काय समजावे? त्रिभुवनकीर्ती वा आनंदभैरव यांत वत्सनाभ व हिंगूळ असतात, हे आपण जाणतो; तिने कोठून जाणावे? मात्रेचा अतिरेक झाला आहे की मूल उपाशी आहे, हे पुडी पाहून ठरत नाही. पुडीवर किंवा तिच्या पाकिटावर कल्पाचे नाव, एका वेळची मात्रा, तारीख आणि आपला दूरध्वनी क्रमांक लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. योग गुप्त राखण्यात जे काही हित असेल ते बालकाच्या जिवापेक्षा मोठे नाही.

शक्यतो शाळेच्या वेळेत द्यावयाची मात्रा ठेवूच नये. बहुतेक कल्प सकाळ-सायंकाळ देता येतात. मधल्या सुट्टीत मध शोधत बसणारे मूल आम्ही पाहिले आहे, आणि मधुर चूर्ण चार मित्रांत वाटून खाल्लेलेही. मात्रा अपरिहार्य असेल तर ती मुलाच्या दप्तरात नव्हे, वर्गशिक्षकांकडे किंवा शाळेत परिचारिका असल्यास तिच्याकडे, चिठ्ठीसह असावी.

औषधालयांच्या मालकबंधूंसाठी येथे काही सांगणे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील ई (१) परिशिष्टात विषद्रव्यांची यादी आहे. वत्सनाभ, भल्लातक, कुचला, धत्तूर, जयपाल, पारद, हिंगूळ, हरताळ ही त्यातील काही. ही द्रव्ये असलेल्या आभ्यंतर कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. सूचना छापलेली असते, पण सुट्या गोळ्या कागदात बांधून देताना ती गल्ल्यावरच राहते. मुलासाठी औषध मागणाऱ्यास सुट्या गोळ्या देऊ नयेत, छापील वेष्टनासह द्याव्यात. आणि आई रक्तवाढीचे टॉनिक मागू लागली, की शाळेतल्या गोळीचा प्रश्न आपणही विचारावा. वैद्याकडे न जाता थेट दुकानात येणाऱ्या कुटुंबाशी बोलणारे आपणच एकटे असता.

शाळेत जाताना

सुवर्णप्राशनाची शिबिरे आता शाळांतूनही होऊ लागली आहेत. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायाचा आधार आपल्यापाशी आहे, यात शंका नाही. परंतु पुष्य नक्षत्राच्या दिवशी फलक लावून दोनशे मुलांच्या जिभेवर थेंब ठेवावेत आणि त्यांपैकी कोणास काय आजार आहे, कोण कोणते औषध घेते, याची एक ओळही शाळेकडे नसावी, हे वैद्यास शोभत नाही. पालकांची लेखी संमती, कल्पाचे नाव व बॅच क्रमांक, दिलेल्या मुलांची यादी आणि आजारी मुलांस त्या दिवशी वगळणे एवढे तरी व्हावयास हवे, आणि यादीची एक प्रत मुख्याध्यापकांकडे राहावी. खाजगी विनाअनुदानित शाळांत सरकारी पथक बहुधा जात नाही, तेथे तपासणीसाठी आपल्यालाच बोलावतात. तेथे तर पथकातील परिचारिका जे करते तेही आपल्याच अंगावर येते : वजन-उंची, दृष्टीचा तक्ता, दात, कान, आणि त्यानंतर वर्गशिक्षकांशी प्रत्येक संशयित मुलाबद्दल दोन मिनिटे बोलणे. जाहिरातीची पत्रके वाटण्यात जाणारा वेळ तेथे लावावा.

गुप्ततेचा प्रश्न नाजूक आहे. अपस्मार असलेल्या मुलीचे पालक ते शाळेपासून लपवितात, लग्नापर्यंत लपवू इच्छितात. त्यांच्यावर रागावून उपयोग नसतो. आम्ही असे करतो : पालकांस विचारून, फक्त एका शिक्षिकेस, निदानाचे नाव न सांगता, काय घडू शकते आणि तेव्हा काय करावे ते सांगतो. मुलीस कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, वेळ पाहावी, पाच मिनिटांत थांबले नाही तर रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा. नाव कळले नाही तरी शिक्षिका हे करू शकते. यादी मोठ्याने वाचून, अशक्त मुलांनी एका बाजूला उभे राहा, असे सांगणारे तपासनीस अजून आहेत. त्या बाजूला उभे राहिलेले मूल पुढच्या तपासणीच्या दिवशी घरी राहते.

आमच्या येथे आता एक छापील चिठ्ठी वापरात आहे. ती पोस्टकार्डाएवढी असून तिची घडी घालावी लागत नाही. वरच्या अर्ध्यात आम्ही लिहितो : मुलाचे नाव व इयत्ता, चालू कल्प व मात्रा, किती दिवस, शाळेत काय जपावे, कोणत्या लक्षणांवर आम्हांस किंवा रुग्णालयास कळवावे. खालच्या अर्ध्यात शिक्षक लिहितात : महिन्यातील गैरहजेरीच्या तारखा, वर्गात दिसलेले काही, सोमवारची गोळी घेतली की नाही. पथक येते तेव्हा शिक्षक ती परिचारिकेस दाखवितात आणि ती मागील बाजूस आपली नोंद करते. शिक्षकांनी खालचा अर्धा भरला नाही तर आम्ही रागवत नाही, पुढील वेळी पालकांकडून तारखा विचारून स्वतः भरतो आणि सहीसाठी पाठवितो. दोन-तीनदा असे केल्यावर बहुतेक शिक्षक स्वतःच भरू लागतात. पहिल्या वर्षी पाठविलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्याही परत आल्या नाहीत. जूनच्या मध्यास शाळा उघडतात, त्या पहिल्या पंधरवड्यात वर्गशिक्षक कोण ते ठरते आणि हजेरीपत्रके नवी असतात. चिठ्ठी तेव्हाच त्यांच्या हाती जावी, नंतर ती दप्तरातच राहते.